परण्यातली जीप

आमच्या घरात लग्नसमारंभावर कोणाचाच विश्वास नव्हता, पण पोट मात्र सगळ्यांचं लग्नांवरच चालायचं. अमरावतीत बाबांचा छोटा छापखाना होता. पुढच्या खोलीत यंत्र राहायचं आणि मागच्या खोलीत आम्ही. सकाळी त्या यंत्रावर 'लग्नातली उधळपट्टी थांबवा' असं पत्रक निघायचं आणि दुपारी, तीच शाई पुसून, सोनेरी गणपतीच्या लग्नपत्रिका. बाबांना यात काही विसंगती वाटायची नाही. "पत्रिका पोटासाठी, पत्रकं माणसांसाठी," असं ते म्हणायचे. "माणसाइले बी पोट असते म्हना," ही आईची पुरवणी, आतून, फोडणीच्या आवाजासकट. मला अक्षरओळख झाली ती या पत्रकांवर. शाळेत गाईवर निबंध लिहिताना मी शेवटी गाईच्या मागण्या लिहिल्या होत्या आणि त्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलनाचा इशाराही दिला होता. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. बाबांनी मात्र तो जपून ठेवला.

आईचा भाऊ, शंकरमामा, अकोल्याला राहायचा आणि त्याचा ब्रास बँड होता. म्हणजे मामा वरातीत ट्रम्पेट वाजवायचा आणि बाबा वरातीच्या विरोधात पत्रकं छापायचे. दिवाळीला दोघं एकत्र आले की पहिल्या चहापर्यंत वाद रंगायचा आणि दुसऱ्या चहाला, यंदा तिथी किती आहेत, यावर दोघांचं एकमत व्हायचं. कमी तिथींचं वर्ष दोघांनाही सारखंच झोंबायचं.

मग ते वर्ष आलं ज्यात तिथी भरपूर होत्या आणि लग्नं नव्हती. होती ती घरच्या चार माणसांत, तोंड बांधून, बिनपत्रिकेची आणि बिनबँडची. थोडक्यात, बाबा आयुष्यभर ज्यासाठी पत्रकं काढत होते ते सरकारनं एका फटक्यात करून दाखवलं, आणि बाबांनी यंत्रावर जुनी चादर टाकली. कॉलेज बंद होतं. मी घरात बसून बसून सगळ्यांवर चिडायला लागले होते. आईनं मला मामाकडे पाठवलं. "तिथं मामीच्या कामाले हात लावजो," ती म्हणाली. मामीचं पोळी-भाकर केंद्र होतं, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्यांना डबे जायचे. त्या काळात तेवढा एकच धंदा तेजीत होता. मामीला ते बोलून दाखवलेलं आवडायचं नाही.

मामाचं घर म्हणजे एक लांबट खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मग अंगण. खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना वाद्यं टांगलेली. काम होतं तोवर त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. आता मामीनं हळूहळू अतिक्रमण सुरू केलं होतं. आधी एका ट्रम्पेटच्या कडीला लसणाची जुडी आली. मग मोठ्या बाजाच्या तोंडात धुतलेली फडकी राहायला लागली. मामा रोज ती काढायचा, मामी रोज ठेवायची, दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. पहाटेपासून घरात परातीवर भाकरी थापल्याचा आवाज असायचा. त्याला एक पक्का ठेका होता आणि मामा अंथरुणातच डोळे मिटून बोटांनी तो धरायचा. दुपारी कधी आंबाडीची भाजी, कधी बिट्ट्या आणि वरण. वरण पातळ होत चाललं होतं, पण मामीच्या ठेच्यापुढे ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. ठेचा खाऊन माणूस पाण्याकडे बघतो, वरणाकडे बघत नाही.

संध्याकाळी मात्र अंगण मामाचं. काम असो नसो, बँडवाले जमायचे, लांब लांब बसायचे आणि वाजवायचे. सगळ्यांत आधी यायचे गफूरचाचा. ते क्लॅरोनेट वाजवायचे आणि मामाच्या बँडचा सूर म्हणजे तेच होते, बाकी सगळे त्यांच्या मागून चालायचे. चाचांचं आणि मामाचं तीस-एक वर्षांचं भांडण होतं, आणि ते फक्त लयीवर होतं. चाचा म्हणायचे, शंकर पळवतो. मामा म्हणायचा, चाचा जागेवर बसतात.

"अरे, नवरदेव चालून राहिला का पळून राहिला?" चाचा विचारायचे.

"तुमच्या लयीत चालला तं मांडवात पोचेपर्यंत म्हातारा होईन तो."

"मंग काय झालं? बायको बी म्हातारी होईन."

असं रोज. मला वाटायचं, या माणसांना परिस्थितीचं काही गांभीर्य नाही. मी त्यांच्यासमोर एकदा 'असंघटित कलावंत आणि राज्याची जबाबदारी' या विषयावर बोलले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चाचांनी तर मान डोलावली, आणि मग विचारलं, "हे पाठ कवा केलं, बाई?" त्या दिवसापासून मामाच्या घरात माझं नाव पत्रकवाली.

एका संध्याकाळी चाचा आले ते वाद्य न घेता. त्यांच्या मुलानं सुरतला त्यांच्यासाठी रखवालदाराचं काम बघितलं होतं. रात्रभर एका गेटवर खुर्ची टाकून बसायचं. चाचा ते सांगताना हसत होते. मामा हसला नाही. चाचा गेल्यावर तो अंगणात नुसता बसून राहिला. मामी म्हणाली, "दुसरा भेटन कोनी." मामा म्हणाला, "ढोल भाड्यानं भेटते. चाचा नाही भेटत." ते गेले तर बँड संपला हे मामीलाही कळत होतं. त्या रात्री मोठ्या बाजातली फडकी तिनं स्वतःहून काढून ठेवली.

अशात कळलं की सरकारनं लोककलावंतांना काम द्यायचं ठरवलंय. गावोगाव जायचं, लशीबद्दल लोकांची भीती घालवायची, गाण्यातून संदेश द्यायचा. मामा दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसात. तिथले साहेब पुण्याकडचे, नवीन, तरुण आणि फार सभ्य होते. ते म्हणाले, "ब्रास बँड हा लोककलेत येतो का, ते पाहावं लागेल."

"लोकं नाचतात ना आमच्यापुढं?" मामा म्हणाला. "मंग लोककलाच झाली ना साहेब."

साहेबांनी यावर विचार केला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, पातूरकडच्या एका गावात लस घ्यायला कोणी पुढे येत नाहीये, तिथं तुमचा कार्यक्रम मी स्वतः बघतो, जमला तर पुढे शिफारस करतो. फक्त दोन गोष्टी. संदेश असलेलं गाणं पाहिजे, आणि लोक जमले पाहिजेत, पण गर्दी होता कामा नये. मामानं दोन्हीला हो म्हटलं. चाचांनी सुरतचं जाणं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसावर ढकललं. "तुमचं होऊन जाऊ द्या," ते म्हणाले, "मंग मी जातो." यात 'मंग जातो' पक्कं होतं. पिशवी भरलेली होती.

गाणं कोण लिहिणार, हा प्रश्न घरात फार वेळ टिकला नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साफ नकार दिला. "मी सरकारची पिपाणी वाजवणार नाही," मी म्हणाले.

"तू कायले वाजवतं?" मामा म्हणाला. "वाजवाले आमी हावो ना. तू फक्त लिही."

मी अमरावतीला बाबांना फोन लावला. मला वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं उभे राहतील. ते म्हणाले, "हे बघ, लस चांगली आहे. सरकार वाईट आहे. दोन्ही लिही." आजही मला यापेक्षा चांगला संपादकीय सल्ला मिळालेला नाही. मी दोन्ही लिहिलं. पहिलं कडवं लशीचं, आणि उरलेली सगळी रेशनवर डाळ नाही, दवाखान्याला कुलूप आहे, कलावंतांना मानधन नाही, यावर. रोज रात्री एक कडवं वाढायचं. चाचांनी ते वाद्यावर बसवून पाहिलं, क्लॅरोनेट खाली ठेवलं आणि मामाला विचारलं, "ये गाना है का मोर्चा?" पण दुसरं काही नव्हतं, म्हणून तेच घेऊन आम्ही निघालो.

गाव रस्त्याच्या आत होतं. वेशीजवळ मारुतीचं देऊळ, तिथून एक अरुंद गल्ली गावातून वळत वळत शाळेपर्यंत जायची, आणि शाळेत सिस्टर टेबल मांडून बसलेल्या होत्या. आमचा टेम्पो देवळाजवळ थांबला. मागून साहेबांची जीप आली. जीप दिसल्याबरोबर समोरची दोन दारं आतून लागली. मग आणखी लागली. कड्या लागल्याचे आवाज गल्लीभर पुढे पुढे जाताना ऐकू येत होते. एक कुत्रं तेवढं उरलं. आम्ही देवळासमोर ओळीनं उभं राहून माझं गाणं सुरू केलं. ढोलवाला नामदेव चांगलं गायचा, पण 'मानधन' या शब्दाशी त्याची जीभ दर वेळी अडत होती. शिवाय हे सगळे आयुष्यभर चालत वाजवलेले लोक, उभं राहून त्यांचा श्वासच बसेना. तिसऱ्या कडव्यात कुत्रं निघून गेलं. साहेब जीपमध्ये बसून घड्याळ बघत होते. मी चाचांकडे पाहिलं. ते वाजवत होते, पण त्यांचा चेहरा गेटवर बसलेल्या माणसाचा दिसत होता.

मामानं हात वर करून गाणं थांबवलं. त्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि परण्याची चाल धरली. परण्या म्हणजे आमच्याकडे नवरदेवाची मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक. पुढे बँड, मागे नवरदेवाची गाडी. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात ती चाल वाजली की लोकांना कारण विचारावं लागत नाही. चाचांनी मामाकडे एकदा पाहिलं आणि सूर घेतला. ढोल लागला. ती चाल उभ्यानं वाजत नाही, म्हणून सगळे गल्लीत चालायला लागले. आणि साहेबांना शाळेत तर पोचायचंच होतं, गल्लीला दुसरी वाट नव्हती, म्हणून ड्रायव्हरनं जीप सुरू केली आणि बँडच्या मागे, बँडच्याच वेगानं, हळूहळू घेतली.

पहिली कडी निघाली ती एका म्हातारीच्या दाराची. या बाई म्हणजे वच्छलाबाई. गावातल्या प्रत्येक लग्नात गाणी म्हणायचा मान त्यांचा, हे मला नंतर कळलं. त्या पदर नाकावर ओढून ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "कोनाचा परन्या हाय बापा? आमाले आवतन नाही."

मग बाकीची दारं. गावानं वर्षभर बँड ऐकला नव्हता. बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. पोट्टे नाचायला लागले आणि नाचता नाचता एकमेकांना लांब राहायला सांगत होते. वच्छलाबाईंनी मामाला विचारलं, "मास्तर, नवरदेव कुठं हाय?" मामाला वाजवताना बोलता येईना. त्यानं नुसतं ट्रम्पेटच्या तोंडानं मागे दाखवलं. त्याला 'मागे साहेब आहेत, त्यांना विचारा' असं म्हणायचं होतं, असं तो आजही शपथेवर सांगतो. मागे जीप होती, तिच्यात तरुण साहेब होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून, एकटे, अवघडून बसलेले. नवरदेव याहून वेगळा दिसतो असं मी तरी पाहिलेलं नाही.

पुढचं इतक्या पटकन झालं की कोणाला खुलासा करता आला नाही. एकीनं तांब्याभर पाणी जीपच्या चाकांवर ओतलं. दुसरीनं बोनेटला कुंकू लावलं. वच्छलाबाईंनी घरातून भाकरतुकडा आणून साहेबांवरून ओवाळला आणि लांब फेकला. ते कुत्रं परत आलं. साहेब म्हणत होते, "अहो, मी शासनाकडून आलोय." वच्छलाबाई म्हणाल्या, "कोनाकडून बी या. आले तं खरे."

शाळेच्या पटांगणात परण्या पोचला, बँड थांबला आणि आता काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा सिस्टर, ज्या अकोटच्या होत्या आणि सकाळपासून एकट्या बसून वैतागल्या होत्या, त्यांनी सगळं चित्र बघून साहेबांसाठी खुर्ची मांडली. "बसा," त्या म्हणाल्या. "तुमी आता वराकडचे. आता तुमाले उठता येत नाही अन् रागावता बी येत नाही."

कारण वराकडचे बसले की वधूकडच्या बाया गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत व्याह्यांची यथेच्छ खरडपट्टी असते. व्याह्यानं ती हसत ऐकायची, हा रिवाज. वच्छलाबाईंनी खुर्चीवरच्या शासनाकडे एकदा नीट पाहिलं आणि सुरू केलं:

"व्याही आला जीपमंधी, मांडी घालून बसला,
सुई तेवढी आनली त्यानं, डाळ कुठं विसरला?"

बायांनी ते उचललं. चाचांना चाल सापडायला एक ओळ लागली, दुसऱ्या ओळीला क्लॅरोनेट बायांच्या गळ्याखाली जाऊन उभं राहिलं. मामानं ट्रम्पेट खाली ठेवलं होतं. कधी नव्हे ते तो पळवत नव्हता, नुसता ऐकत होता.

"व्याह्याघरचा दवाखाना, कुलूप त्याले भारी,
डाक्टर गेला सुट्टीवर, चावी कोनाच्या दारी?"

माझ्या हातात माझ्या गाण्याचा कागद होता. त्यात हेच होतं, रेशन, दवाखाना, सगळं क्रमानं. तरी मला राग येत नव्हता, उलट मी टाळ्या वाजवत होते. साहेबांचे कान लाल झाले होते, पण ते उठले नाहीत. आणि वच्छलाबाईंनी शेवटचं कडवं घेतलं ते टेबलाकडे चालत चालत:

"सुई घेतो व्याहीबुवा, बाही केली वर,
पुढच्या खेपेले घेऊन येजा डाळ पोतंभर."

त्यांनी खरंच बाही वर केली. सिस्टरनी सुई टोचली, आणि नामदेवनं, मंगलाष्टकं संपल्यावर जसा करतात तसा, सवयीनं ढोलाचा गजर केला. त्यावर सगळा बँड कडाडला. मग प्रत्येक सुईला तेच. आधी मी, आधी मी असं झालं, कारण आपल्या सुईला बँड वाजावा असं प्रत्येकालाच वाटत होतं.

संपल्यावर साहेब मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रतिसाद उत्तम आहे. पण संदेश?"

"बाया 'सुई घेतो' म्हनून राहिल्या होत्या ना साहेब," सिस्टर टेबलावरून म्हणाल्या. "अजून काय संदेश पायजे?"

"ठीक. मी शिफारस करू शकतो. फक्त ते दवाखान्याचं कडवं गाळा. तेवढं गाळलंत तर अडचण नाही."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मग चाचांकडे. चाचा क्लॅरोनेट पुसत होते आणि वर बघत नव्हते. एका कडव्यावर सगळा बँड उभा होता. मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक मोठं भाषण तयार होतं, त्यात मामाचं वाटोळं नक्की होतं, आणि मी ते करणार होते. पण वच्छलाबाई दंडावर कापूस दाबून मागेच उभ्या होत्या.

"असं कसं, साहेब?" त्या म्हणाल्या. "व्याह्यानं सांगून गानं गाळत नसतात. तुमी दवाखाना उघडा. कडवं आपोआप जाते."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "वर कळवतो." आणि कुंकू लावलेल्या जीपमध्ये बसून गेले. मंजुरी पुढे आली, पण एक दुरुस्ती होती: 'दवाखाना' या शब्दाऐवजी 'आरोग्य सुविधा' असा शब्द वापरावा. आम्ही तो पुष्कळ गावांत सुचवून पाहिला. कुठल्याच बाईला तो चालीत बसवता आला नाही, आणि बायांच्या गळ्यापुढे आमचा नाइलाज होता. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी अकोल्याला परत येताना टेम्पोत लयीवरून भांडणही झालं नाही. 'वर कळवतो' म्हणजे काय, हे सरकारी कामात मुरलेल्यांना माहीत असतं, आणि चाचांची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

सकाळी मामीनं चाचांच्या प्रवासासाठी शिदोरी बांधली. भाकरी, तेल सोडलेला ठेचा, सुकी वांग्याची भाजी, वर एक कांदा. सुरतपर्यंत पुरेल आणि उरेल एवढी. मामा तोंड धुऊन कोपऱ्यात बसला होता. चाचा आले. पिशवी खांद्याला होती. ती त्यांनी दाराशी ठेवली, आत येऊन नेहमीच्या जागी बसले, आणि मामी चहा ठेवायला उठली तेवढ्यात मामाला म्हणाले,

"काल मारुतीपासून परण्या किती पळवला तू. त्या बाईले भाकरतुकडा आनायले बी टाइम नाही भेटला."

"आनला ना तिनं."

"पळत पळत आनला. बुढी बाई, पडली असती मंग?"

"तुमच्या लयीत गेलो असतो तं अजून गल्लीतच असतो आपुन. साहेब जीपमंधीच रिटायर झाला असता."

"गफूरभाऊ," मामी मध्येच म्हणाली, "गाडीचा टाइम होऊन राहिला."

"आं?" चाचा म्हणाले, आणि परत मामाकडे वळले. "बरं, अन् त्या डाळीच्या ओळीले तू ढोल कावून थांबवला नाही? तिथं बाया दम घेतात. तिथं थांबाच लागते."

मामानं उत्तर दिलं, त्यावर चाचांनी दिलं. मामी हातात शिदोरी घेऊन दोघांकडे जरा वेळ बघत उभी राहिली. मग तिनं खाली बसून गाठ सोडली, ताटं मांडली आणि प्रत्येकाच्या ताटात भाकर टाकली. चाचांच्या ताटात पहिली.